विमानातील हवेची तजवीज

मुंबईहून बंगळूरपर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती साताऱ्यावरून आणि सांगलीच्या निकटून जाते. त्यामुळे ज्या कृष्णाकाठी माझे बालपण गेले त्याच मुलखावरून वैमानिक म्हणून जाण्याचा योग मला वारंवार येई, आणि सातारा मागे पडून सांगली येईपर्यंतच्या सात-आठ मिनिटांतच एकदा माझ्या बोइंग ७३७ च्या दोन वातानुकूलन यंत्रांपैकी, ज्यांना आम्ही ‘पॅक’ म्हणतो, एक अतिशय तापून बंद पडल्याचा दिवा लागला.

घरातील एसी बंद पडला तर उकडते, इतकेच. पॅकचे कार्य मात्र गारव्यापुरते नाही. इंजिनातून घेतलेली, सुमारे २०० अंश उष्णतेची दाबाखालील हवा तो बाहेरच्या शीत वाऱ्याने निववतो, टर्बाइनमध्ये प्रसरण पावू देऊन थंड करतो, आणि त्याच हवेवर उतारूंचा श्वास व केबिनचा दाब दोन्ही अवलंबून असतात. विमान ३५,००० फुटांवर असता केबिनमधील हवा आठ हजार फुटांच्या आतबाहेरच्या उंचीइतकी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आत आणि कळसूबाई सुमारे ५,४०० फूट, तेव्हा सर्व काही सुरळीत असतानाही आपण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखराहून वर बसलेले असतो.

दिवा लागताच हात बटणाकडे जाऊ द्यावयाचा नाही, ही या विद्येतील पहिली ताकीद. एकाने चेकलिस्ट मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने त्याबरहुकूम करावे. त्यातील पहिला हुकूम असा की तापमान वाढवा! तिकडे मागच्या रांगेतील एका आजोबांचा ‘कॅप्टनसाहेबांना म्हणावं, जरा गार सोडा’ असा निरोप येत असता उलट उष्णता वाढवणे विपरीत भासते. परंतु थंडीची मागणी घटली की पॅकवरील भार उतरतो, तो निवतो, आणि मग रीसेटचे बटण दाबले असता पुन्हा कामावर रुजू होऊ शकतो. मी हे कारण मराठीतून सर्वांस सांगितले, कारण उतारूंना अंधारात ठेवण्याचा अधिकार वैमानिकाला नाही असे माझे ठाम मत आहे. पॅक पुन्हा चालू झाला. झाला नसता तरी दुसऱ्याने दाब राखला असता.

दि. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ मध्ये तर इंजिनाची हवा पॅककडे सोडणारे ब्लीड स्विच चालू करावयाचेच राहून गेले. १६६ उतारूंपैकी तीसएक जणांना नाकाकानांतून रक्त येणे, डोके दुखणे असा त्रास झाला आणि विमान मुंबईस परत आणावे लागले. बिघडलेल्या यंत्राहून न वाचलेल्या ओळीचे भय मला अधिक वाटते, ते यामुळेच.

केबिनची हवा चौदा हजार फुटांइतकी विरळ झाली की मास्क आपोआप खाली येतात. त्यातील प्राणवायू सुमारे १२ मिनिटे पुरतो, आणि तेवढ्या अवधीत वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो. परंतु ३५,००० फुटांवर दाब एकाएकी गेला तर मनुष्याची शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटापलीकडे टिकत नाही. म्हणून वाचकहो, मास्क समोर येताच प्रथम स्वतःचा लावा आणि मगच शेजारच्या मुलाचा.