वयाच्या मानाने

रोलिंग स्टोन्सना म्हातारं ठरवायची जगाला फार घाई झाली होती. १९८९ साली त्यांचा 'स्टील व्हील्स' दौरा निघाला, तेव्हा थट्टेखोरांनी लगेच त्याचं दुसरं बारसं करून टाकलं : 'स्टील व्हीलचेअर्स'. मिक जॅगर त्या वर्षी शेहेचाळीस वर्षांचा झाला. आपल्याकडे शेहेचाळिशीतल्या ख्यालगायकाला अजून 'आश्वासक' म्हणतात. अर्थात जॅगरनेही स्वतःच्या पायावर आधीच धोंडा पाडून घेतला होता. पंचेचाळिशीत 'सॅटिस्फॅक्शन' गात फिरण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो तरुणपणी बोलून बसला होता. २०२४च्या उन्हाळ्यात तो अमेरिकाभर तेच गाणं गात फिरत होता, ऐंशी पूर्ण करून. त्या दौऱ्याची प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशीपुढच्या अमेरिकनांचे प्रश्न हाताळणारी संस्था. टीकाकारांना याहून आयतं कोलीत काय हवं?

पण मला आताशा टीकाकारांपेक्षा आमच्याच लोकांचा जास्त राग येतो. आमचे म्हणजे चाहते. कोणी म्हणालं की हे आता थांबले तर बरं, की आमची फौज तुटून पडते. "अरे, ऐंशी वर्षांचा माणूस आहे! तू ऐंशीचा झालास की जिना तरी चढशील का?" मग दाखले येतात. २०१९च्या एप्रिलमध्ये जॅगरच्या हृदयाची झडप बदलली आणि जून संपायच्या आत तो शिकागोच्या सोल्जर फील्डवर नाचत होता. गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या बोटांत संधिवात आहे, तरी तो वाजवतो. सगळं खरं, आणि मला त्याचं कौतुकही आहे. पण या बचावात गाणं कुठे आलं? काठावरच्या मुलाला ग्रेसचे मार्क देऊन वरच्या वर्गात ढकलावं, तसं आपण ज्यांच्यावर जीव टाकला त्यांना 'वयाच्या मानाने' पास करून टाकतो. शत्रूनेही एवढा अपमान केला नसता. तो निदान नापास तरी करतो.

स्टोन्स मुंबईत आले ते ७ एप्रिल २००३ला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. तीन दिवस आधी बंगळुरात वाजवून आले होते. बँडला चाळीस वर्षं झाल्याचा तो दौरा. मी मामेभावाबरोबर चर्चगेटहून चालत गेलो. दादा ऱ्हिदम हाऊसच्या कॅसेटींवर आणि रंगभवनातल्या रॉकच्या रात्रींवर पोसलेला. इथल्या पोरांनी वाजवलेला स्टोन्स त्याने पुष्कळ ऐकला होता, आता खरे समोर यायचे होते. एप्रिलचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला, ऑफिसातून थेट आलेले टायवाले, कॉलेजातली पोरं, आणि जिभेचं ते प्रसिद्ध बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट. ती जीभ काढताना चित्रकारापुढे कालीमातेची जीभ होती, ती कल्पना जॅगरचीच, हे दादा दर पाच मिनिटांनी कोणाला ना कोणाला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणाला, "साठीला आलेले बाबे, घट्ट पँट घालून नाचतात, शोभतं का?" दुसरा म्हणाला, "साठीला आलेत आणि काय पळतात यार!" जोरदार वाद झाला. जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दोघं एकच गोष्ट बोलत होते. दोघांच्याही हातात जन्मदाखला होता. आदल्या रात्री बँडने काय वाजवलं आणि कसं वाजवलं, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मला आठवत होते ते ड्रमर चार्ली वॉट्सचे हात. मोठ्या पडद्यावर ते मधूनच दिसत. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाठ ताठ, चेहऱ्यावर बँकेच्या रांगेत उभं असल्याची शांतता. रॉकमधले बहुतेक ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅट अखंड चालू ठेवतात आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला डाव्या हाताने स्नेअर हाणतात. चार्ली त्या ठोक्याला उजवी काठी वर उचलून घ्यायचा. क्षणभर हाय-हॅट गप्प, आणि त्या रिकाम्या जागेत स्नेअर एकटा वाजायचा. डावी काठी जॅझवाल्यांसारखी आडवी धरलेली. बाजूला कीथ. त्याच्या अनेक गाण्यांच्या गिटारला तारा पाचच असतात. सगळ्यात जाड सहावी तार तो काढून टाकतो आणि उरलेल्या पाच अशा लावतो की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी पुरा कॉर्ड वाजावा. 'स्टार्ट मी अप'चा तो सुरुवातीचा झटका त्यातूनच येतो.

शिवाय या बँडात गाडी उलटी जोडलेली आहे. एरवी सगळे ड्रमरच्या मागून जातात. इथे ड्रमर कीथच्या मागून जायचा, आणि बेस त्या दोघांच्या मधून कुठून तरी वाट काढायचा. त्यामुळे ठेका किंचित डुलतो, मागे रेलतो, आता सुटतोय की काय असं वाटेस्तोवर सुटू देतो आणि पुन्हा धरतो. नवख्या कानाला हे गबाळं वाटतं. पण ते वयाने आलेलं नाही. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डी काढून ऐका, तिथेही ते तसंच आहे. तोच ढिलेपणा तिशीत केला तर मस्ती, सत्तरीत केला तर म्हातारपण!

कीथच्या बोटांचं मात्र खरं आहे. अलीकडच्या चित्रफितींत तो पूर्वी जिथे चार सूर टाकायचा तिथे दोन टाकतो. संधिवाताने आपल्याला वाजवायच्या नव्या तऱ्हा शोधायला लावल्या, असं त्यानेच सांगितलं आहे. काही गाण्यांत त्या दोन सुरांनी माझं समाधान होतं, कारण उरलेले दोन वाजवायची गरजच नव्हती हे तेव्हा कळतं. काही गाण्यांत होत नाही. तिथे भोक पडतं आणि दुसरा गिटारवादक रॉनी वूड ते बुजवतो. हे चाहत्याने मोकळेपणाने म्हणायला काय हरकत आहे?

स्टोन्सचं मूळ ब्लूजमध्ये आहे, आणि ब्लूजमध्ये म्हातारा होणं हा गुन्हा नसतो. बँडचं नावच मडी वॉटर्सच्या १९५०च्या एका गाण्यावरून घेतलेलं. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या चेकरबोर्ड लाउंजमध्ये हे लोक त्याच्याबरोबर गायला गेले, तेव्हा मडी अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्या छोट्या खोलीत मालक तोच होता; जगभरची स्टेडियम भरणारा जॅगर पाहुण्यासारखा वागत होता. बी. बी. किंग शेवटची कित्येक वर्षं खुर्चीत बसून वाजवत असे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा बडी गाय चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. ब्लूजचे श्रोते म्हाताऱ्याकडे अधिक अपेक्षेने बघतात. दुःखाचं गाणं विशीतल्या पोराने म्हटलं तर ते त्याला विचारतात, तुला रे कसलं दुःख?

हा कान आम्हा मराठी माणसांना परका नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांना देशभर खरी मान्यता मिळाली ती साठी जवळ आल्यावर. २००७च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी पंचाऐंशीव्या वर्षी गायले, तेव्हा मंडपातल्या माणसांना दमसास कुठे तोकडा पडतो हे काय कळत नव्हतं? ती माणसं त्यांना अर्धशतक ऐकत आली होती. कोणती जागा आता घेतली जाणार नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि ती सोडून गायक कुठून वळण घेतो याकडे त्यांचे कान लागलेले होते. त्या ऐकण्यात दया नव्हती. होती ती पक्की माहिती.

पण याच महाराष्ट्रात बालगंधर्वही होऊन गेले, आणि तिथे हा युक्तिवाद अडतो. ख्यालाला वय चालतं; नाटकातल्या भामिनीला चालत नाही. साठी उलटल्यावरही बालगंधर्व लुगडं नेसून रंगमंचावर उभे राहत. देह स्थूल झाला होता, पाय साथ देत नव्हते. माझ्या आजोबांनी त्यांना त्या काळात पाहिलं होतं. त्यांच्यावरही अशीच टीका व्हायची आणि भक्त असेच धावून जायचे. आजोबा भक्तांतले, पण ते कधी "या वयात एवढं गातात हेच पुष्कळ" असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. ते म्हणायचे, "पहिल्या अंकातलं पद पडलं. दुसऱ्यातलं मात्र असं लागलं, की विचारू नकोस." ही झाली भक्ती! पडलेलं पडलं म्हणते आणि लागलेलं उचलून धरते.

रॉकमध्ये या भामिनीच्या जागी मला अॅक्सल रोझ दिसतो. गन्स एन' रोझेसचा १९८७चा पहिला अल्बम हा वरच्या सप्तकातल्या किंकाळीवर उभा आहे. ती किंकाळी विशीतल्या गळ्याची होती. वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता जाते, फुप्फुसांचा जोर ओसरतो. वरचा सूर लागला तरी त्याला अंग राहत नाही, तो पिपाणीसारखा बारीक निघतो. २०२३च्या जूनमध्ये ग्लास्टनबरीला त्यांचा कार्यक्रम झाला, तो टीव्हीवर दिसला आणि अॅक्सलच्या आवाजाची जगभर टिंगल झाली. चाहत्यांनी नेहमीची ढाल पुढे केली : एकसष्टाव्या वर्षी अडीच-तीन तास गाऊन दाखवा.

१७ मे २०२५ला तेच लोक महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आले. मी पुतणीला घेऊन गेलो होतो. ती ड्रम वाजवते, त्यामुळे तिच्याबरोबर गाणं ऐकणं म्हणजे परीक्षकाशेजारी बसणं. अॅक्सल खालच्या सुरात गात होता तेव्हा आवाज भरीव होता, खरखरीत आणि खरा. वर गेला की पातळ होत होता. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'मध्ये स्लॅशची गिटार सुरू झाली आणि सगळं मैदान गायला लागलं. ज्या सुराला अॅक्सलचा आवाज अर्धा पोचायचा, तो उरलेला अर्धा हजारो गळ्यांनी भरून काढला. आजूबाजूच्या कोणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मोबाइलवरची चित्रफीत ऐकली, तर तिथे माझे शेजारी नव्हते आणि सूर अर्धाच होता.

टीकाकार ऐकतो ती चित्रफीत, चाहता ऐकतो ते मैदान. दोघांचंही ऐकणं खरं आहे, म्हणून हे भांडण कधी मिटत नाही. मैफल ही समोर बसलेल्यांची असते, हे मला मान्य आहे. तरी टीकाकाराला एक हक्क राहतोच. तिकिटाला दहा-पंधरा हजार मोजणाऱ्या माणसाने सूर लागला का असं विचारलं, तर त्याला कृतघ्न म्हणू नये. मंचावरचा गळा गातो आहे की आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज वाजतो आहे, हेही त्याने विचारावं. कित्येक जुन्या बँडांबाबत हा प्रश्न रास्त असतो. मला तर वाटतं, अॅक्सलचा पिचलेला सूर हीच त्याच्या प्रामाणिकपणाची पावती आहे. टेपवरचा आवाज असा पिचत नाही. मात्र प्रामाणिक आहे म्हणून तो सुरेल होत नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या डब्यात ठेवता आल्या, की निम्मी भांडणं संपतील.

थांबावं कधी, हा प्रश्न राहतो. तो विचारणाऱ्यांना वाटतं, की कलावंताने आपल्या आठवणीतलं त्याचं चित्र सांभाळून ठेवावं. ती जबाबदारी त्याची कशी? १९६५चं 'सॅटिस्फॅक्शन' रेकॉर्डवर सुखरूप आहे, त्याला कोणी हात लावत नाही. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ला गेला. महिन्याभराने, सेंट लुइसमध्ये, बँड पुन्हा प्रेक्षकांपुढे उभा राहिला. रिकाम्या मंचावर आधी पडद्यावर चार्लीची दृश्यं दाखवली, मग ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन बसला. काहींना ते निर्दयपणाचं वाटलं. मला वाटलं, ज्यांचा व्यवसाय वाजवणं हा आहे त्यांनी सुतक वाजवूनच पाळायचं असतं.

परवा पुतणी घरी आली होती. मी तिला २०२४च्या दौऱ्यातली एक चित्रफीत लावून दिली आणि मुद्दाम काही बोललो नाही. जॅगर मंचाच्या टोकापर्यंत पळत गेला, परत आला. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, "काका, हा नवा ड्रमर फार नीट वाजवतो रे. त्या जुन्या काकांसारखा रेलत नाही. आणि तो गिटारवाला दुसऱ्या कडव्याला उशिरा आला." मी म्हटलं, "कीथ उशिरा आला नाही. ड्रम लवकर आला. या बँडात वेळ कीथच्या घड्याळाने बघायची असते." ती म्हणाली, "असं कसं? ठेका म्हणजे ठेका." मी चित्रफीत मागे नेली. ती टेबलावर बोटांनी मात्रा मोजू लागली. तीच जागा आम्ही पुन्हा पुन्हा ऐकली, तिने तिचं सोडलं नाही आणि मी माझं. पुढच्या रविवारी ती स्वतःच्या काठ्या घेऊन येणार आहे, मला खोटं पाडायला.