पुष्कराज

पहिल्या वर्षी इंग्रजीचा पेपर राहिला तेव्हा आईने गावच्या ज्योतिषाला माझी पत्रिका दाखविली. गुरू दुबळा निघाला! उपाय एकच, तर्जनीत पुष्कराज. अभ्यासच दुबळा होता, हे मी बोललो नाही. तिने शेळी विकली आणि पैसे घेऊन मी कोल्हापूरच्या गुजरीत गेलो.

म्हाताऱ्या सराफांनी पुडीतून दोन पिवळे खडे काढले. दिसायला जुळी भावंडेच. "बघ बाळ, हा पुष्कराज, कुरुंदाच्या जातीचा. माणिक, नीलम त्याचेच सख्खे. आणि हा सुनेला, गारेच्या जातीचा." आकार सारखाच, पण काट्यावर पुष्कराज दीडपट जड भरला. किमतीतले अंतर मात्र दीडपटीत मावणारे नव्हते. भाव कॅरटवर, आणि कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा! आमची शेळी नजरेच्या अंदाजाने गेली होती.

मी सुनेला घेतला. चांदीच्या अंगठीत, खालून उघड्या कोंदणात बसविला; खडा कातडीला लागला पाहिजे म्हणे. उरलेल्या पैशांत परीक्षेची फी भरली.

गुरुवारी आईने अंगठी दुधात धुऊन माझ्या बोटात घातली.

"खरा हाय न्हवं रं?"

"खराय," मी म्हणालो. सुनेलाही खराच असतो, काच नसतो.

पुढच्या परीक्षेत पेपर सुटला. आता आई धाकट्यासाठी दुसरी शेळी राखून आहे.