पैशाच्या ॲपचे पहिले दार

रुपयाचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ साली ग्रंथ लिहून मांडला. आज रुपया मोबाइलमध्ये शिरला आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी निघालेल्या ॲपला तर 'भीम' हेच नाव दिले गेले. पण नाव आपले असले, तरी आपल्या माणसाला आत जाता येते का, हे पाहिले पाहिजे.

वस्तीतील भगिनींना आम्ही संध्याकाळी अशी ॲप वापरायला शिकवतो. पैसे पाठवणे त्यांना जड जात नाही. जड जातात ती पहिली पाच मिनिटे. बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये हवा. मग त्यावरून एक संदेश जातो. पुढे पिन तयार करायला एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात. धुणीभांडी करणारी एक मावशी म्हणाली, "भाऊ, हा आधी झडती घेतो, मग काम विचारतो!"

मार्च २०२५ मध्ये भीमची नवी आवृत्ती आली. पंधराहून अधिक भाषा, मंद इंटरनेटवर चालण्याची सोय, घरखर्चाची वर्गवारी, कुटुंबाचा एकत्र हिशेब. हे स्वागतार्हच आहे. कार्ड नसेल, तर आधारवरूनही पिन करता येतो.

आमचे म्हणणे एवढेच, की कोणतेही ॲप असो, काय लागेल आणि कशासाठी लागेल, हे त्याने पहिल्याच पानावर साध्या मराठीत सांगावे. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हे वाक्य तिथेच ठळक लिहावे. फसवणारे नेमके इथेच गाठतात.

तोवर शिकलेल्या मुलामुलींनी आईजवळ बसावे. फोन दाखवावा, पण पिन तिलाच दाबू द्यावा.