दारव्ह्याच्या बाजारात मोडीच्या भांड्यांकडेही पाहा

यवतमाळहून एसटीने निघालात की सुमारे ४० किलोमीटरवर दारव्हा लागते. पूर्वी इथे शकुंतला गाडीनेही येता यायचे. मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद रुळांचा रस्ता इंग्रजी अमदानीत वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी झाला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. आता दारव्हा मोतीबाग स्टेशनात ती येत नाही. पण कापसाच्या पैशातून घराघरांत आलेले तांबे-पितळ अजून या भागात आहे. काही माळ्यावर, काही भंगारात.

बाजाराला याल तेव्हा भाजी-मिरची झाली की अर्धा तास भांड्यांच्या दुकानांकडे काढा. जुना गुंड, कोपर, गंगाळ मोडीत येतात आणि किलोवर जातात. ठोक्याच्या खुणा असलेली घागर, नक्षीची समई, मोराचा अडकित्ता, काठावर आंदणाचे नाव कोरलेला गडवा, सारे एकाच भावात! तराजूला नक्षी कळत नाही. ती तुम्हांला कळली पाहिजे.

पुण्याच्या दिनकर केळकरांना ती कळली. जुन्या वाड्यांतून, गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, भांडी जमवली. लोक ज्याला अडगळ म्हणत त्याच वस्तूंचे संग्रहालय झाले. त्याला त्यांनी लहानपणीच वारलेल्या आपल्या राजाचे नाव दिले आणि १९७५ साली सारा संग्रह सरकारच्या हवाली केला. पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्यावर ते जरूर पाहा. तुमच्या आजीच्या चुलीजवळची एखादी वस्तू तिथे काचेत दिसेल.

नाण्यांचे मात्र जपून. राणीछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७ चा तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. खिशात एक लहान चुंबक ठेवा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि बहुतेक रुपये वितळवले गेले. म्हणून त्याला चांदीच्या भावापेक्षा जास्त किंमत येते. नाणे चिंचेने घासू नका. चकाकी येते, किंमत जाते. आणि रामदरबार असलेले, तांदूळ ओढणारे ‘कंपनीचे नाणे’ कोणी लाखाला दाखवले तर सरळ उठून चालू लागा. कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नाही.

नांगरताना मडके लागले तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर कलेक्टरला द्यावी लागते. लपवले तर मिळायचा वाटाही जातो. शंभर वर्षांवरची मूर्ती परस्पर विकू नका. १९७२ च्या कायद्याने त्या धंद्याला परवाना लागतो आणि परदेशी पाठवायला तर बंदीच आहे.

दारव्हा, दिग्रस, पुसद हा बंजारा तांड्यांचा मुलूख. जुन्या फेटियावरचे, कांचळीवरचे आरसे, कवड्या आणि बारीक टाके घालायला हाताचे महिनेच्या महिने जातात. फिरता व्यापारी दारात येतो आणि प्लॅस्टिकच्या टोपल्यावर ते घेऊन जातो. शहरात तेच कापड चौकटीत बसून भिंतीवर लागते. तुम्ही घेणारे असाल तर म्हातारीला टाक्यांचे पैसे द्या, चिंध्यांचे नव्हे. नापिकीच्या साली पेटी उघडणाऱ्या घराशी घासाघीस शोभत नाही. आणि पेटी तुमचीच असेल तर कपडा घडीवर घडी करून दाबून ठेवू नका, आरसे फुटतात. जुन्या धुतलेल्या धोतरात सैल गुंडाळा, कडुनिंबाचा वाळला पाला घाला आणि पावसाळा सरला की सावलीत एकदा वारा द्या.