मधली डबी

माणसास आपल्या कानाचा अभिमान फार असतो, आणि त्यांतून तो संस्कृताचा मास्तर असला तर विचारूंच नये. मीं छत्तीस वर्षें मुलांचे शकार आणि षकार वेगळे करण्यांत घालविलीं. विद्या म्हणाल तर जुन्या अकरावीपुरती. पुढें जें कांहीं आलें तें पाठशाळेंत गुरुजींच्या पायांशीं बसून. तरी मागच्या बाकावरून कोणी ऱ्हस्वाचा दीर्घ केला कीं माझी मान वर होई. हा अभिमान मला दोन वर्षांपूर्वींच्या कोजागरीस चांगलाच नडला. आणि त्याचें शासन मला न होतां माझ्या नातवास झालें, हें त्यांतील वाईट.

आमचें घर दापोलीजवळच्या मुरुडास, समुद्राच्या वाटेवर. (जंजिऱ्याचें मुरुड तें निराळें, पाहुणे अजून चुकतात.) पुढें खळें, मागें नारळीपोफळींची वाडी आणि खळ्याच्या टोंकाशीं विहीर. पाऊस संपून आकाश निवळलें कीं कोजागरीस आमच्या खळ्यांत पन्नाससाठ माणसें जमतात, त्यांत निम्मीं पुण्यामुंबईचीं. त्या वर्षीं थोरल्या मुलीचा मुलगा आपली गिटार घेऊन आला होता. दुपारीं ओटीवर बसून त्यानें भूपाचे स्वर छेडले, ते मला खरोखर गोड लागले. वाद्य परदेशीं म्हणून माझ्या मनांत किल्मिष नव्हतें. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारीवर वाजविलेले राग मीं रेडिओवर आवडीनें ऐकलेले आहेत. रात्रीं मात्र माणसें पुष्कळ, त्यांत समुद्राची गाज, म्हणून भाड्यानें लाउडस्पीकर आणला. मुलानें गिटारीची वायर मिक्सरला जोडली, आणि जो आवाज निघाला त्यानें मी चकित झालों. खर्ज नाहींसाच झालेला. वरच्या तारा तेवढ्या पत्र्यावर गारा पडाव्या तशा ताडताड वाजत होत्या. आवाज वाढवूं गेले तों कर्ण्यांतून अशी आरोळी उठली कीं वाडींतले निजलेले कावळे जागे झाले. तेव्हां मी सर्वांदेखत म्हणालों, "अरे, ही गिटार आहे कीं रॉकेलचा डबा?"

मंडळी पोट धरून हंसली. मुलानें वायर काढली, गिटार खोळींत घातली आणि दूध न घेतांच तो माडीवर गेला. दिवाळीस तो आला नाहीं. आंब्यांच्या दिवसांतहि आला नाहीं. मुलीनें फोनवर एवढेंच सांगितलें कीं गिटार माळ्यावर ठेवली आहे.

पुढें मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं मला पुण्यास मुलीकडे राहावें लागलें. कांहीं दिवस वाचन बंद. माझ्यासारख्याला तो उपासच. उरले काय ते कान. एके दुपारीं नातवाच्या खोलींतून गिटारीचे स्वर आले. म्हणजे ती माळ्यावरून केव्हांच खालीं आली होती. मुरुडास तेवढें कळविलें नव्हतें! मी काळा चष्मा सांवरीत भिंतीच्या आधारानें जाऊन त्याच्या पलंगावर बसलों. त्यानें वाजविणें थांबविलें. बराच वेळ आम्ही दोघेहि गप्प होतों. मग तो म्हणाला, "आजोबा, दोष गिटारीचा नव्हता. माझ्या हाताचाहि नव्हता. जोडणीचा होता. ऐकतां?"

त्यानें प्रथम गिटार सरळ मिक्सरला जोडली. तोच ताडताड आवाज. नंतर मध्यें पानाच्या डब्याएवढी एक लोखंडी डबी घातली आणि तीच तार, त्याच बोटानें, तेवढ्याच जोरानें छेडली. खर्ज परत आला. डोळ्यांपुढें कांहीं नसतांना तो फरक जसा कळला तसा एरव्हीं कळला असता कीं नाहीं, मला शंका आहे.

त्यानें जें समजाविलें तें माझ्या भाषेंत सांगतों. गिटारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखालीं एक बारीक पट्टी बसविलेली असते. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांवर विद्युत् प्रगट होते, हा शोध जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं लावला. ही पट्टी त्याच तत्त्वावर चालते. तार कांपली कीं घोडी पट्टीस दाबते, आणि त्या दाबाबरहुकूम विद्युत् उत्पन्न होते. पण हा झरा फार क्षीण. आमच्या विहिरीचा वैशाखांत असतो तसा: पोहऱ्यानें दमानें काढाल तर दिवसभर पाणी पुरेल, मोठा पंप लावाल तर घटकेंत चिखल वर येईल.

मिक्सरचें जें तोंड गिटारीस मिळालें होतें तें असा पंपच होतें. त्या तोंडाचा रोध जितका कमी तितकी ओढ अधिक. आणि या ओढीनें सगळे स्वर सारखे मरत नाहींत, आधीं खर्ज मरतो. नातवानें गणित करून वाचून दाखविलें. पट्टीची धारकता १ नॅनोफॅरड धरली आणि तोंडाचा रोध १०,००० ओहम, तर सेकंदास सुमारें १६,००० कंपनांच्या खालचे सारे स्वर उतरत्या क्रमानें क्षीण होत जातात. गिटारीची सर्वांत जाड तार सुटी वाजविली तर ८२ कंपनें देते. तिची काय कथा! रोध १० लक्ष ओहम केला तर ही सीमा १६० च्या आसपास उतरते. १ कोटी केला तर १६ वर, म्हणजे खर्ज सबंध सुटला. या डबीला प्रीअँप म्हणतात, आणि जमिनीवर ठेवून पायानें चालू-बंद करावयाची म्हणून पेडल. नांवावरून आवाज वाढविणें हेंच तिचें काम वाटतें; पण पहिलें काम ऐकून घेण्याचें, आणि ऐकतांना समोरच्याच्या तोंडून कांहीं ओढून न घेण्याचें. त्यानंतर आपल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या बळावर ती तोच नाद सशक्त करून पुढें धाडते, म्हणजे लांबच्या वायरींतहि तो झिजत नाहीं. नातवाच्या गिटारींत हें काम करणारें कांहींच नव्हतें. कित्येक गिटारींत तें आंतच बसविलेलें असतें म्हणे.

हें ऐकतां ऐकतां मला एक विद्यार्थी आठवला. उच्चार अगदीं शुद्ध, पण आवाज बारीक. तो म्हणूं लागला कीं मी "मोठ्यानें!" म्हणून ओरडत असें, मग त्याच्या आवाजांतलें सारें मार्दव जाऊन चिरकी किंकाळी तेवढी उरे, आणि त्या किंकाळीला मी गुण देत असें. पाठांतराच्या स्पर्धेंतून तो एकदां निघाला तो पुन्हां आला नाहीं. उठून त्याच्या बाकापाशीं जाऊन उभें राहावें, एवढें मला छत्तीस वर्षांत सुचलें नाहीं.

आरोळीचें कारण निराळें. गिटारीच्या पोकळींतील हवेचा स्वतःचा एक गुंजार असतो, साधारण १०० कंपनांच्या जवळपास. कर्ण्याचा आवाज पोकळींत शिरतो, पोकळी लांकडी पाटास हलविते, पाट घोडीस, घोडी पट्टीस, आणि पट्टी पुन्हां कर्ण्यास. नैयायिक ज्याला चक्रक म्हणतात तो हाच दोष. फरक इतकाच कीं न्यायांतल्या चक्रकानें कानठळ्या बसत नाहींत. डबीवर एक कळ आहे, तिनें तेवढाच अरुंद टापू कापतां येतो. दुसरी कळ तरंग उलटा करते. कित्येकदां तेवढ्यानेंच चक्र तुटतें. बाकीच्या कळा मंद्र, मध्य आणि तार यांच्या. पट्टी घोडीचेंच ऐकते, लांकडाचें आणि हवेचें फारसें ऐकत नाहीं. म्हणणाऱ्याच्या दांतांस कान लावून श्लोक ऐकावा तसें तें होतें. म्हणून तिच्या आवाजांत बदकाच्या ओरडण्यासारखी एक कर्कशता येते. मधले स्वर जरा उतरविले कीं ती बोथट होते. जराच. नातू ती कळ भरमसाट फिरवीत होता. मी "पुरे" म्हणालों तेथें थांबला.

तरीहि मी मास्तरच. म्हणालों, "एवढ्या खटपटी करून मिळविलेला स्वर खरा कसा म्हणावा?" तो म्हणाला, "आजोबा, तंबोऱ्याचा भोपळा खरा कीं खोटा?"

मला उत्तर सुचलें नाहीं. नुसती ताणलेली तार कोणास ऐकूं येते? तिला भोपळा जोडला तोहि खटपट म्हणूनच. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत आपल्या देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या आश्रयानें 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यांत वाद्यांस एक सबंध अध्याय दिला आहे. आणि जवारीची गोष्ट घ्या. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची रुंद घोडी कानसेनें इतकी अल्प घांसतात कीं तार तिला ओझरती चाटून जाते. मग तारेखालीं दोरा सरकवून नेमकी जागा शोधावयाची. तेव्हां कोठें तो भरलेला झंकार निघतो. सर चंद्रशेखर रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर निबंध लिहून दाखविलें कीं तार ज्या ठिकाणीं छेडली असतां जे उपस्वर निघूं नयेत असा नियम आहे, तेहि तंबोऱ्यांत स्पष्ट उमटतात. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां मीं आनंदानें तें कात्रण वहींत चिकटविलें होतें. म्हणजे घोडीवर केलेले संस्कार मिरजेस झाले तर ती कला, आणि पुण्यास डबीनें झाले तर कृत्रिम!

गेल्या कोजागरीस तो आला. डबी आली, नवी बॅटरी आली. तिन्हीसांजेस त्यानें मला विहिरीपाशीं, म्हणजे खळ्याच्या अगदीं शेवटच्या टोंकास, उभें केलें आणि ओटीवरून विचारूं लागला, "आजोबा, खर्ज येतो का?"

"येतो."

"वरचा स्वर टोंचतो का?"

येथें मी थांबलों. मग खरें तें सांगितलें, "तें आजीला विचार. वरचे स्वर मला हल्लीं नीट ऐकूं येत नाहींत." हें मीं घरांत यापूर्वीं कोणाजवळ कबूल केलें नव्हतें. ही पदर खोंचून विहिरीपाशीं आली, आणि दोघांच्या मिळून चार कानांनीं ती डबी लागली.

कार्यक्रम चांगला झाला. शेवटच्या सतरंजीवरच्या मुलांपर्यंत खर्ज पोंचत होता, आणि आरोळी एकदांहि उठली नाहीं. माझ्या मनांत होतें कीं शेवटीं ध्वनिक्षेपकासमोर उभें राहून दोन वर्षांपूर्वींचा शब्द सर्वांदेखत परत घ्यावा. पण २००० सालच्या नियमांप्रमाणें लाउडस्पीकर रात्रीं दहास बंद. चंद्र मात्र माथ्यावर येतो बारांस. मी दूध आटलें का पाहून येईपर्यंत मुलानें वेळ पाहून सर्व वायरी काढल्या होत्या. तो नुसती गिटार मांडीवर घेऊन खळ्याच्या मध्यें बसला होता, आणि लांबचीं माणसें आपापल्या सतरंज्या ओढीत त्याच्याभोवतीं सरकत होतीं. मला जें म्हणावयाचें होतें तें मी ओटीवरून म्हणालों. गाजेंत तें कोणास ऐकूं गेलें नसावें. मग मी खालीं उतरलों, त्याच्याजवळ जाऊन बसलों, आणि पुन्हां म्हणालों.

"ऐकूं आलें, आजोबा," तो म्हणाला, आणि खर्जाची तार जराशी चढली होती ती उतरवूं लागला.