सात वाजताची घंटी

आमच्या कोपरगावच्या घरात तीन फोन आहेत. दोन आमचे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि आमचे फोन आम्ही झोपलो तरी महाजालाशी जोडलेले असतात. तिसरा आईंचा, बटणांचा. रोज सायंकाळी सातला येवल्याच्या मावशींशी बोलणे, एवढेच त्याचे काम.

२०२४च्या श्रावणात चार दिवस मावशींचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी आई हळूच म्हणाल्या, "माझंच काही चुकलं असेल." तेव्हा आम्ही तो फोन हाती घेतला. रिचार्जची मुदत केव्हाच उलटली होती. येणारे कॉलही बंद झाले होते. रिचार्ज करण्याचे काम आमचे, आणि आम्ही ते विसरलो होतो. आईंची सवय अशी, की मनात दोन आकडे मोजायचे आणि फोन ठेवायचा. मावशी उलट फोन करणार. त्यामुळे कंपनीची सूचना त्यांच्या कानी पडलीच नाही.

दूरध्वनीचा व्यवसाय पूर्वी बोलण्यावर चाले. एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळू लागले की जीभ आवरावी लागे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून त्या वेळी रांग लागे. भ्रमणध्वनी आला तेव्हा ऐकण्याचेही पैसे पडत. मे २००३ मध्ये ते थांबले. २००५च्या अखेरीपासून 'आजीवन' योजना आल्या: एकदा रक्कम भरली की इनकमिंग सुरूच. मिस्ड कॉल फोफावला. (मनोऱ्याने राबायचे आणि कंपनीला दमडी मिळायची नाही, असा हा अस्सल देशी शोध!)

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बोलणे फुकट केले आणि डेटा विकायला काढला. येथे व्यवसायाचे मापच बदलले. मिनिट गेले, दिवस आला. अहोरात्र जोडलेले आम्ही हे खरे गिऱ्हाईक ठरलो. बाजार आमच्या बेताने शिवला जाऊ लागला. एअरसेल दिवाळखोरीत गेली, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, आणि त्याच वर्षअखेर मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला: ३५ रुपये, २८ दिवस. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज मात्र तेरा. कंपन्यांची अडचण खोटी नव्हती. न बोलणाऱ्या ग्राहकालाही क्रमांक, मनोरा, जाळे पुरवावेच लागते. पण पूर्वी न बोलणे फुकट होते. आता त्यालाच भाडे लागले. पुढे डेटा असलेलाच रिचार्ज मारण्याची पाळी आईंवर आली, म्हणजे आमच्या चैनीचा भार काही अंशी त्यांच्या बटणांच्या फोनवर पडला. हे आम्हांला तोवर जाणवले नव्हते, कारण आमचे सारे सुरळीत चालले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. आईंसाठी आम्ही ८४ दिवसांचा घेतला आणि मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहिली.

आता सातला आई क्रमांक लावतात, दोन आकडे मोजतात आणि ठेवून देतात. मग मावशींचा फोन येतो. बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, हे आम्ही त्यांना अनेकदा सांगून पाहिले आहे.