चिखल आठवणारे पाय

कॉलेजातल्या मुलांनी झोंबीपट करायचा ठरवला की सगळ्यात आधी चर्चा सुरू होते ती मेकअपची. लेटेक्स कुठून आणायचं, टिश्यूपेपरची जखम किती वेळ टिकेल, गोड पाकात लाल रंग किती घालायचा, डोळ्यांत पांढऱ्या लेन्स घालायच्या की नाहीत, यातच अर्धा वेळ आणि जवळपास सगळे पैसे जातात. पटकथेला एक रात्र मिळते, आवाजाला तेवढीही नाही. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. झोंबी चेहऱ्यावर उभा राहत नाही, चालीवर उभा राहतो. आणि चाल येते कुठून, तर तो मरण्याआधी जे करत होता त्यातून. मेलेल्याच्या पायांत कुठल्या जमिनीची सवय उरली आहे हे ज्या दिग्दर्शकाने ठरवलं, त्याची निम्मी फिल्म तिथेच झाली. हे नीट मांडायला मुंबईच्या खाडीपलीकडच्या न्हावा शेवा बंदराच्या परिसरासारखी दुसरी जागा मला दिसत नाही.

झोंबीची कुळकथाच कामातून सुरू होते. हैतीतल्या फ्रेंच मालकांच्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांची अशी समजूत होती की मरण आलं की आपण सुटू, परत आपल्या मायभूमीला जाऊ. मरूनही ज्याला सुटका नाही, ज्याचं शरीर मालकासाठी राबतच राहतं, ते त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठं भय होतं. सिनेमात हे भय आलं 1932 साली, व्हिक्टर हॅल्पेरिनच्या ‘व्हाइट झोंबी’मध्ये. त्यातला साखर कारखान्याचा प्रसंग आजही पाहावा. मेलेली माणसं चरक फिरवताहेत, लाकूड करकरतंय, एकजण तोल जाऊन यंत्रात पडतो आणि बाकीचे थांबत नाहीत. मेकअप जेमतेम आहे, रक्ताचा थेंब नाही. अंगावर काटा येतो तो न थांबण्यामुळे. पुढे 1968 साली जॉर्ज रोमेरोने पिट्सबर्गजवळ ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला तो साधारण 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये, पाडायला निघालेल्या एका घरात, आसपासच्या लोकांना मेलेले बनवून. फिल्म कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप चाललं. दहा वर्षांनी त्याच्याच ‘डॉन ऑफ द डेड’मधले मेलेले मॉनरोव्हिलच्या खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये येऊन फिरत राहतात, कारण जिवंतपणी त्यांना तिथे यायची सवय होती. तिथे झोंबी कसा दिसतो यापेक्षा तो कुठे जातो याला महत्त्व आलं, आणि हा प्रकार जगभर टिकला तो मला वाटतं त्यामुळेच.

मराठीतही पुरावा आहे. आदित्य सरपोतदारचा ‘झोंबिवली’ 26 जानेवारी 2022 रोजी आला. नावातली गंमत बाजूला ठेवली तरी त्या सिनेमाला डोंबिवली लागतेच. एका बाजूला नवा टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मध्ये पाण्याचा प्रश्न. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या, 2020 साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला पाहिलेल्या प्रेक्षकाला पाण्यातून काहीतरी भयंकर येऊ शकतं हे पटवून द्यावं लागत नाही. ती भीती त्याच्या घरातच आहे, सिनेमाने फक्त तिला पाय दिले. हाच सिनेमा एखाद्या नाव नसलेल्या शहरात घडवला असता तर त्याचा अर्धा जीव गेला असता.

आता न्हावा शेवा. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरणमध्ये, पण बाहेरच्या माणसाला ते एकच नाव वाटतं, कारण बंदराने ती दोन गावं एका दमात उच्चारायला लावली. इथे आधी खाडी होती, मिठागरं होती, खारीची भातशेती होती, तिवरं होती, आगरी-कोळ्यांची गावं होती. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनींचं संपादन सुरू झालं. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई आणि नवघर-पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात 5 शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्या रक्तातून आलं. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झालं. मूळ शेवा गावातून उठवलेल्या कोळ्यांचं उरणजवळ पुनर्वसन झालं, तो हनुमान कोळीवाडा. तिथल्या घरांना वाळवी लागली, दारंखिडक्या आतून पोखरल्या, आणि गावकरी वर्षानुवर्षं दुसरी जागा मागत राहिले. भयपटासाठी यापेक्षा वेगळं काही रचायची गरज आहे का? उठवलेलं गाव आणि उठवून जिथे नेलं तेही आतून खाल्लं जाणारं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती इथल्या चिखलातली चाल. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत निवट्या, चिंबोऱ्या धरायला उतरणाऱ्या बाईचे पाय पाहावेत. गुडघ्यापर्यंत रुतणाऱ्या गाळातून पाय सरळ उचलता येत नाही, गाळ तो ओढून धरतो. म्हणून आधी टाच सैल करायची, पाऊल जरा तिरकं करून कडेने हवा शिरू द्यायची, मग पोटरीच्या जोरावर पाय वर काढायचा. धड पुढे झुकलेलं, हात अंगापासून लांब, नजर समोरच्या हातभर गाळावर. घाई केली की पडलोच. आता हीच चाल, जशीच्या तशी, कोरड्या सिमेंटच्या रस्त्यावर आणा. दोन्ही बाजूंना चार-चार मजली कंटेनर, वर हायमास्टचा उजेड, आणि मधून एक माणूस असा चालतोय जणू त्याचं पाऊल अजून रुततंय. जमीन भराव घालून बुजवली गेली, पण पायांना ते कळलेलं नाही. यासाठी चेहऱ्यावर काहीही लावायला नको.

लावायचंच असेल तर तोच चिखल लावा. खाडीचा गाळ अंगावर ओला असताना काळा दिसतो, वाळला की राखी होतो आणि सांध्यांच्या जागी आपोआप भेगाळतो. ओठांच्या कडा, बोटांची पेरं, कोपर यांवरच्या त्या भेगा कुठल्याही लेटेक्सपेक्षा खऱ्या दिसतात. गाळात कारखान्यांचं सांडपाणी मिसळत असलेली जागा मात्र टाळावी आणि डोळ्यांजवळ, जखमेवर तो लागू देऊ नये. जिथे अजून पिवळे सोडियमचे दिवे आहेत तिथे लाल रक्तावर केलेला खर्च बहुधा वायाच जातो, कारण त्या उजेडात रंग विझतात आणि लाल मातकट होतो. उलट राखी चिखल त्या उजेडात मेलेल्या कातडीसारखा उठून दिसतो. चिखलात चित्रीकरण करायचं तर भरतीचं वेळापत्रक हातात हवं. सुकतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे तीन दिवसांचं चित्रीकरण एकाच संध्याकाळचं म्हणून जोडायचं असेल तर उजेड आणि पाणी यांचा मेळ आधी कागदावर बसवावा लागतो. आणि गाळात उतरताना गावातला माणूस सोबत हवाच, कारण कुठला गाळ धरतो आणि कुठला गिळतो हे त्यालाच ठाऊक असतं.

बंदराच्या आत कॅमेरा नेता येणार नाही. कस्टमची हद्द, सुरक्षा, परवान्यांचे सोपस्कार, ड्रोनचा तर विचारही नको. ही अडचण म्हणून सांगितली जाते, मला ती मदत वाटते. बंदर दिसू नये, ऐकू यावं. माल थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरच्या कॉम्प्रेसरची न थांबणारी घरघर, क्रेन सरकताना वाजणारा इशारा, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरची पिप्-पिप्, लोखंडावर लोखंड टेकल्याचा दबका दणका, हे सगळं कुंपणाबाहेरून, हद्दीपासून लांब राहूनही मिळतं. झोंबीपटांत रस्ते ओस पडतात. डॅनी बॉइलच्या ‘28 डेज लेटर’ने 2002 साली साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर पहाटेचं निर्मनुष्य लंडन दाखवलं आणि तेव्हापासून ओस शहर हा या प्रकाराचा ठरलेला देखावाच झाला. न्हावा शेव्यात तो चालणार नाही, कारण हा रस्ता ओस पडत नाही. वर्षाला 60 लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापात) इतकी कंटेनरची ने-आण करणारं बंदर मध्यरात्रीही जागं असतं. इथलं भय नेमकं त्याच्या उलट आहे. गावात मेलेली माणसं उठून चालायला लागली आहेत आणि ट्रेलरची रांग तशीच पुढे सरकते आहे. कोणी थांबत नाही, कोणी पाहत नाही. ‘व्हाइट झोंबी’तला तो चरक इथे 24 तास फिरतो आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो की हे परकं भूत आपल्याकडे कशाला? कोकणात मुंजा आहे, हडळ आहे, गिऱ्हा आहे, झोटिंग आहे, चकवा आहे. सरपोतदारनेच 2024 साली ‘मुंज्या’ करून आपलं भूत किती लांब जाऊ शकतं हे दाखवलं. आक्षेप खरा आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याला गिऱ्ह्यावर फिल्म करायची असेल तर जरूर करावी. पण आपली बहुतेक भुतं एकेकटी आहेत. त्यांना नाव आहे, जागा आहे, अपुरी राहिलेली इच्छा आहे, ती इच्छा पुरवली की ती शांत होतात. पिंपळावरच्या मुंजाशी बोलता येतं. ज्या दुःखाला एकच नाव नाही, जे एकाच वेळी 95 गावांवर आलं, त्याला एकटं भूत पुरत नाही. त्याला घोळका लागतो. प्रेतात शिरणारा वेताळ आणि रात्री मशाली घेऊन निघणारा त्याचा लवाजमा आपल्याकडे आहेच, म्हणजे मेलेल्यांची मिरवणूक आपल्या कल्पनेला अगदीच अनोळखी नाही. झोंबी परका असला तरी त्याला इथे उभं राहायला जागा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. विस्थापितांनाच राक्षस करणार का? ज्यांनी जमीन दिली, मार खाल्ला, त्यांच्या चालीचा उपयोग प्रेक्षकाला घाबरवायला करणार? हुतात्म्यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. 1984 च्या त्या पाच जणांना किंवा त्यांची आठवण येईल अशा कुणालाही फिल्ममध्ये मेलेलं म्हणून उठवू नये. त्यांची घरं त्याच गावांत आहेत, दर जानेवारीत तिथे अभिवादन होतं, आणि कुठल्याही कलाकृतीचा त्यांच्यावर तेवढा हक्क नाही. पण उरलेल्या प्रश्नाला रोमेरोच्या पहिल्याच फिल्ममध्ये उत्तर आहे. ड्वेन जोन्सने केलेला बेन रात्रभर मेलेल्यांपासून वाचतो आणि सकाळी बंदूकधारी जिवंत माणसं त्याला त्यांच्यातलाच समजून गोळी घालतात. भय कोणाचं होतं हे त्या क्षणी फिरतं. न्हावा शेव्याच्या फिल्ममध्येही कॅमेरा कुठे उभा आहे यावर सगळं ठरेल. तो कुंपणाच्या आत उभा राहून बाहेरच्या घोळक्याकडे पाहत असेल, तर फिल्म त्या गावांवर अन्याय करेल, हेतू कितीही चांगला असो. तो घोळक्यात उभा असेल, त्यातल्या एकीला नावाने ओळखत असेल, तिच्या हातातली निवट्यांची टोपली आपल्याला दिसत असेल, आणि मग कुंपणाच्या आतून तिच्यावर सर्चलाइट पडत असेल, तर भीती बरोबर बाजूने येईल. संकलनाच्या टेबलावर हा फरक अगदी ठोस असतो. घोळक्याचा लांबचा शॉट आणि कुंपणाआडच्या माणसाचा घाबरलेला चेहरा एवढेच शॉट हातात असतील, तर कापून कापून दुसरी फिल्म निघत नाही. चिखलातल्या पायांचा जवळचा शॉट आणि तिच्या नजरेतून दिसणारं कुंपण हे चित्रीकरणाच्या दिवशीच घ्यावे लागतात.

तिसरा आक्षेप मुलांचाच असतो. आम्ही शिकतोय, मजा म्हणून करतोय, त्यावर इतिहासाचं ओझं कशाला? मजेला माझा मुळीच विरोध नाही. शिनिचिरो उएदाचा ‘वन कट ऑफ द डेड’ 2017 साली टोकियोतल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून निघाला. सुमारे 30 लाख येन खर्च, अनोळखी नट, सुरुवातीला 37 मिनिटांचा एकच अखंड शॉट, आणि कमाई खर्चाच्या हजारपट. पोट दुखेपर्यंत हसवणारा सिनेमा आहे तो. पण तोही त्या मुलांच्या खऱ्या परिस्थितीवरच उभा आहे. पैसे नाहीत, वेळ नाही, तरी कॅमेरा थांबवायचा नाही, हीच त्याची गोष्ट आहे. त्यांनी आपल्याकडे जे होतं तेच पडद्यावर आणलं. न्हावा शेव्याजवळच्या मुलांकडे खाडी आहे, बंदराचा आवाज आहे आणि सात-आठ मित्र आहेत. सात जणांचे सत्तर करायचे तर कंटेनरच्या भिंतीला चौकटीची कड करावी, माणसं दोन्ही बाजूंनी आत येऊ द्यावीत आणि बाकीचे चिखलातल्या पावलांच्या आवाजाने भरावेत. ओझं वाटतं तो इतिहास इथे खर्च वाचवतो, कारण कोण, कुठून आलं, कसं चालतं या प्रश्नांची उत्तरं तयार मिळतात.

ती उत्तरं ज्यांच्याकडून मिळतात त्यांचा हिशेब मात्र चोख ठेवावा. चाल शिकवायला कोळीवाड्यातली एखादी मावशी आली तर ती तालमीची मार्गदर्शक आहे, वाटेत भेटलेली मदतनीस नव्हे. तिच्या दिवसाची मजुरी मेकअपच्या खात्यातून काढावी, आधी विचारून तिचं नाव श्रेयनामावलीत नृत्यदिग्दर्शकाच्या जागी लिहावं, आणि पहिला कट कॉलेजच्या सभागृहात लावण्याआधी तिच्या अंगणात दाखवावा. तिने एखादा शॉट काढायला सांगितला तर का, ते ऐकून घ्यावं, आणि कारण पटलं तर तो काढावा.